माती द्यायची राहिली

सकाळची पाळी सुटताना गेटवरच कळलं, सदाभाऊ गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायच्या आतच सगळं संपलं. त्यांच्या क्वार्टरपुढे आम्ही पंधरा-वीस जण जमलो आणि नुसतेच उभे राहिलो. बांबू कुठून आणायचे, लाकडं कोण देतो, मडकं कुठे मिळतं, एकालाही ठाऊक नाही! शेवटी मागून कोणीतरी सवयीनं बोलून गेलं, "अरे, सदाभाऊले बोलवा ना..." त्यावर वहिनींनी जो हंबरडा फोडला, तो महिना झाला तरी माझ्या कानातून जात नाही.

तुमसरकडचे सदाभाऊ आणि मी एकाच गाडीनं भिलाईला उतरलो तेव्हा इथे कारखाना नव्हता, नुसते खड्डे होते. ते आमच्या टोळीचे मुकादम. आंध्र, केरळ, बिहार, पंजाब, कुठकुठची माणसं टिनाच्या शेडमध्ये राहत, कोणाच्या घरचा पत्ता कोणाजवळ नसे. माणूस मेला की बाकीच्यांना एकदम कामं आठवायची. सदाभाऊ तेवढे थांबायचे.

एका मे महिन्यात पायाच्या खड्ड्याची कड ढासळली आणि मनहरण दबून मेला. तिशीतला छत्तीसगढी गडी, आठच दिवसांपूर्वी कामाला लागलेला. गाव कोणतं, कोणालाच सांगता येईना. "उद्यापर्यंत थांबू, कोणी तरी येईनच," सदाभाऊ म्हणाले. मी भडकलो. "कावून थांबता? वास येऊन राहिला. नाव हिंदूचं हाय, मंग विचारायचं काय त्यात? द्या आग!" हे मी म्हणालो... मी. लिहून टाकतो एकदाचं, दहा वर्षं पोटात ठेवलंय.

यंत्रं ज्या खोक्यांतून येत त्यांच्या फळ्या मागून आणून सदाभाऊंनी चिता रचली, नातलग कोणी नाही म्हणून स्वतःच्या मिशा उतरवल्या, अग्नी दिला, तिसऱ्या दिवशी राख शिवनाथ नदीत सोडली. परत येऊन पाहतो तर शेडपुढे मनहरणचा बाप आणि बायको बसलेले. माणसं कबीरपंथी. "हमन तो माटी देथन, बाबू... आगी नइ देवन," म्हातारा म्हणाला. त्यांच्यात पुरतात हो, जाळत नाहीत! बायको रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "त मैं कहाँ बइठँव?" त्याच्यापाशी मी आता बसू कुठे... म्हाताऱ्यानं आग कोणी दिली ते विचारलं. सदाभाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मैंने दिया. गलती मेरी," म्हणाले. म्हातारा त्यांच्या पायाशी थुंकला, आणि मी मूग गिळून उभा! लाज वाटते लिहिताना.

त्यानंतर टोळीत नवा माणूस आला की सदाभाऊंचा पहिला सवाल, "तुम्हारे में मिट्टी देते कि आग?" लोक उसळायचे. एका बिहाऱ्यानं तर गचांडी धरली, "हमरे मरने का इंतजार है क्या?" मीही चिडवायचो, "सदाभाऊ, त्याले चाय तरी पिऊ द्या, मंग मारा." ते हसत नसत. साहेबांच्या दारी हेलपाटे घालून त्यांनी पुरायला वेगळी जागा मिळवली. खड्डा किती खोल, डोकं कोणत्या दिशेला, हे मौलवीला, पाद्र्याला, ज्याला त्याला विचारून शिकले. एकदाच मी धीर करून बोललो, "माझं नाव कावून नाही घेतलं तुम्ही?" तर म्हणाले, "तू बोलला, वामन. केलं मी. मुकादम कोण होता?" विषय बंद.

गेल्या आठवड्यात वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, उतईच्या पुढं एका घरी सांगून या. दर आखितीजले जायचे हे तिथं." सायकल काढून गेलो. दार उघडलं ते मनहरणच्या बायकोनं. चाळिशीच्या आतच केस पार पांढरे झालेले. आणि गाव एवढं जवळ... अर्ध्या दिवसाची पायवाट, अन् माझ्यानं एक दिवस धीर धरवला नव्हता! सदाभाऊ गेले हे ऐकून ती तशीच बाहेर पडली. मला गावाबाहेर घेऊन गेली. तिथे मातीचा एक लांबट उंचवटा होता, कडेनं चिरा पडलेला. तिनं सांगितलं, चितेच्या जागची माती सदाभाऊंनी टोपल्यात भरून डोक्यावर आणली होती. सासऱ्यानं दोनदा हाकलून दिलं, तिसऱ्यांदा घेतली. तेव्हापासून दरसाल अक्षय्य तृतीयेला येऊन ते हा उंचवटा लिंपून जात.

"इहें बइठथँव," ती म्हणाली. इथेच बसते. "अब कोन लीपही?"

"बाई, आग देने को मैंने बोला था," मी म्हणालो. "वो तो रुकने को बोलते थे."

ती घरी जाऊन पाण्याची बादली घेऊन आली आणि माझ्यापुढे आदळली.

"त फेर तैं लीप."

मी गुडघ्यावर बसलो आणि मातीत हात घातला.