फोटोतला बाप

घाटनांदूरजवळच्या वस्तीवरचा अभिमन्यू उसाच्या फडात कुणाला हार जायचा नाही. आई सावित्रीबाईसमोर मात्र या गड्याची दातखीळ बसायची.

थोरला भाऊ शहादेव वारला आणि भावजय मंगल एकटी पडली. ऊसतोडीला एकटी बाई कोण नेतो? मुकादमाला जोडी लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता. अभिमन्यूही बिनलग्नाचा. "तुझी जोडी कोण?" मुकादमानं विचारलं. त्यानं मंगलकडे बोट दाखवलं आणि दोघं उसाच्या पाचटाच्या एका कोपीत राहू लागली. जीव जडला, पण लग्नाचं आईपुढे काढायची त्याची छाती झाली नाही.

फडाजवळच्या दवाखान्यात तेजश्री झाली. नर्सनं बापाचं नाव विचारलं तेव्हा मंगलनं त्याच्याकडे पाहिलं. मुकादमापुढे बेधडक बोट दाखवणाऱ्या या मर्दानं मान खाली घातली आणि सांगितलं, "शहादेव." मेलेला भाऊ थोडाच नाही म्हणायला येणार होता! मंगलनं पोरीला कुशीत घेऊन भिंतीकडे तोंड फिरवलं. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

गावाला कळायचं ते कळलंच, पण तोंडावर कुणी बोललं नाही. पोर त्याला काका म्हणू लागली. शहादेवच्या तिथीला ती बापाच्या फोटोला हार घालायची, तेव्हा अभिमन्यू गोठ्यात जाऊन बसायचा. स्वतःची त्याला किळस यायची.

तेजश्री पाचवीत गेली. बाप नसलेल्या लेकरांना सरकारी मदत मिळते म्हणून शाळेतल्या बाईंनी शहादेवचा मृत्यूचा दाखला मागवला. तो पोरीच्या जन्मदाखल्याशेजारी ठेवून त्या बघतच राहिल्या. बाप लेकीच्या जन्माआधी दोन वर्षं गेलेला.

"अभिमन्यूभाऊ, हे कसं?" त्यांनी हळूच विचारलं. तेजश्री शेजारीच उभी होती.

आणखी एक खोटं त्याच्या जिभेवर आलं होतं. पोरीकडे बघून त्यानं ते गिळलं. "तिचा बाप मी हाय," तो म्हणाला.

मग अंबाजोगाईला कोर्टाच्या खेपा सुरू झाल्या. रक्ताची तपासणी झाली. सावित्रीबाईनं लेकाशी बोलणं टाकलं. साक्षीला उभ्या राहिलेल्या मंगलला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "व्हय, ह्येच." तिच्या आवाजात राग असता तर अभिमन्यूला सोसला असता. तिथं नुसता थकवा होता.

दाखल्यावर त्याचं नाव लावायचा हुकूम निघाला, त्याच आठवड्यात शहादेवची तिथी आली. यंदा तो गोठ्यात गेला नाही. तेजश्री हार घेऊन फोटोसमोर थांबली.

"घालू का नको?"

"घाल की. कावून नको?"

"मंग ह्यांना आता काय म्हणू?"

अभिमन्यू फोटोकडे बघू लागला. भावाचं नाव त्यानं गरजेपुरतं वापरलं होतं, आणि आता त्याची लेकही काढून घेतली होती.

पोरीनं जरा विचार केला, हार घातला आणि फोटोपुढे हात जोडून हाक मारली, "काका."

"ओ," अभिमन्यू सवयीनं म्हणाला.