पहिल्या ठिपक्याचा रंग

आमच्या घरात सरळ बोलणाऱ्याला किंमत नव्हती. भाजीत मीठ कमी पडलं तर कुणी तसं म्हणत नसे. बाबा पहिला घास खाऊन आईला विचारत, "डॉक्टरांनी कुणाला मनाई केली आहे का?" आई म्हणायची, "हो, जेवताना बोलायची." शनिवार पेठेतल्या असल्या घरात वाढल्यावर जिभेला आपोआप धार येते, आणि तिचं कौतुकही होतं. एखाद्या फोटोखाली एक ओळ लिहून अख्खा वर्ग हसवणं मला सहज जमायचं. त्यात कुणाला लागत असेल हे मला सुचलंच नव्हतं, असं लिहायचा मोह होतोय. पण सुचायचं, आणि तरी मी लिहायचे.

तेव्हा पुण्यात आयटीचा जोर होता. दादा रोज सकाळी कंपनीच्या बसनं हिंजवडीला जायचा आणि ज्यांना त्याच्यासारखं इंजिनिअरिंग झेपणार नव्हतं त्यांच्यासाठी अॅनिमेशनचे डिप्लोमे निघाले होते. मी त्यातल्याच एकाला प्रवेश घेतला. माहितीपत्रकात एक वाक्य होतं: विद्यार्थ्याकडे स्वतःचा संगणक असणे आवश्यक. आम्ही सगळ्यांनी ते वाचून सोडून दिलं होतं.

प्रवेशाच्या दिवशी मी ऑफिसबाहेर रांगेत उभी होते. वाशीमकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. रात्रभराच्या एसटीनं शिवाजीनगरला उतरून तसेच आलेले. त्यांच्या खांद्यावर पोतं होतं आणि पोत्यात कॉम्प्युटरचा डबा. मुलीच्या हातात गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर. मूळ प्रमाणपत्रं तपासायला आणतात तसा त्यांनी मूळ कॉम्प्युटर तपासायला आणला होता. खिडकीतले कारकून म्हणाले, "अहो, हे इथं कशाला? याच्यावर काय शिक्का मारू?" रांग हसली. ते गृहस्थही हसले, पोतं पुन्हा खांद्यावर घेतलं आणि जिन्याकडे निघाले. मी मागून फोटो काढला.

वर्गाचं फेसबुकवर एक निनावी पान होतं. पासवर्ड सात-आठ जणांकडे फिरायचा, त्यामुळे कुणी काय टाकलं हे कुणालाच कळत नसे. कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तो फोटो तिथं टाकला आणि खाली लिहिलं: "शेतातून थेट. ताजा कॉम्प्युटर." दुपारपर्यंत तो सगळ्यांच्या फोनवर होता, संध्याकाळपर्यंत वरच्या वर्गांतही. पुढचे कित्येक दिवस ती मुलगी वर्गात आली की मागून कुणीतरी म्हणायचं, "ताजा माल आला." ती शेवटच्या बाकावर बसू लागली आणि विचारल्याशिवाय बोलेनाशी झाली. आम्ही म्हणायचो, स्वभावच तसा असेल.

शेवटच्या वर्षी गटानं करायचं काम आलं. विषय सरांनीच दिला: सायबर छळ. दीड मिनिटाचं अॅनिमेटेड इन्फोग्राफिक, म्हणजे माहितीचं हलतं चित्र, कॉलेजच्या प्रदर्शनात पडद्यावर दाखवायचं. गट हजेरी क्रमांकानं पडले आणि आमच्यात चौघं आलो: मी, ती, खडकीच्या क्वार्टर्समधला एक मुलगा, ज्याचे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, आणि एक लग्नपत्रिका छापणाऱ्यांचा मुलगा. त्याला अक्षरं चांगली कळायची; त्याच्या घरी दोन पिढ्या उर्दू आणि मराठी पत्रिका छापल्या जात होत्या. खडकीवाल्याकडे आवाज, माझ्याकडे मजकूर. चित्रं हलवायची तिनं, कारण त्यात आमच्यापैकी कुणीही तिच्या जवळपास नव्हतं.

काम कात्रजला तिच्या खोलीवर व्हायचं. दर रविवारी सकाळी मी बस पकडायचे आणि डेअरीच्या पुढच्या स्टॉपला उतरायचे. पहिल्या रविवारी दार उघडलं आणि समोर टेबलावर तोच कॉम्प्युटर दिसला. मी चपला काढायला मुद्दाम वेळ लावला. ती म्हणाली, "जुना आहे, पण काम करतो. फक्त रेंडर लावलं की हात लावायचा नाही." रेंडर म्हणजे कॉम्प्युटरनं एकेक चित्र रंगवून त्यांची फिल्म बनवणं. त्या बिचाऱ्याला दहा सेकंदांच्या फिल्मला तासभर लागायचा. तेवढा वेळ आम्ही चौघं जमिनीवर बसून तिच्या भाकऱ्या आणि ठेचा खायचो. पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं तिनं पाहिलं. पुढच्या रविवारपासून माझ्यासाठी वेगळी, कमी तिखटाची शेंगदाण्याची चटणी असायची. त्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही, नुसती वाटी माझ्याकडे सरकवायची. मला ती मुलगी फार आवडायला लागली, आणि ती जितकी आवडायला लागली तितकं माझं अवघड होत गेलं.

कल्पना तिचीच होती. पांढऱ्या पडद्यावर एक ठिपका. त्याच्यापासून एक रेघ निघते, दुसरा ठिपका होतो. मग चार, मग पडदाभर. आणि कोपऱ्यात एक ठिपका, ज्याच्यापर्यंत सगळ्या रेघा येऊन थांबतात. सर म्हणाले, छान, पण एक उदाहरण हवं, नाहीतर बघणाऱ्याला लागणार नाही.

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

तिनं एक फाइल उघडली. चेहरा तर फोटोत नव्हताच, तरी तिनं ती आकृती करड्या रंगानं भरून टाकली होती. नुसती पाठ, खांदा आणि पोतं. खाली माझी ओळ, जशीच्या तशी.

"हे माझे बाबा," ती म्हणाली. जसं काही आम्हाला माहीत नव्हतं.

खडकीवाल्यानं कीबोर्ड बाजूला सरकवला. मग म्हणाला, "मी पण फॉरवर्ड केला होता यार. सॉरी."

"माहितेय. तू माझ्या पुढच्याच बाकावर होतास."

पत्रिकावाला म्हणाला, "मीही हसलो होतो. घरी अब्बूंना दाखवला, तर त्यांनी माझा फोन दोन दिवस काढून घेतला." ती चक्क हसली. मग तिघांनीही माझ्याकडे पाहिलं, सहज, आता माझी पाळी म्हणून. मी म्हणाले, "ओळ थोडी मोठ्या अक्षरांत घेऊ या, मागच्यांना दिसायला हवी." एवढंच म्हणाले. त्या क्षणाची आठवण झाली की आजही मला माझी लाज वाटते, त्या फोटोपेक्षा जास्त.

तिसऱ्या रविवारी रंगांवरून वाद झाला. खडकीवाल्याचं म्हणणं, पहिला ठिपका लाल हवा. "ज्यानं सुरू केलं तो व्हिलन आहे, दिसला पाहिजे." पत्रिकावाला त्याला शिंगं काढायला निघाला होता. ती ऐकेना. तिनं पहिला ठिपका बाकीच्यांसारखाच करडा ठेवला होता.

"तुला त्याचा राग येत नाही?" खडकीवाल्यानं विचारलं.

"येतो ना. खूप येतो," ती म्हणाली. "पण लाल केला की बघणारा प्रत्येक जण म्हणेल, हा मी नाही. आणि सुटेल. तो आपल्यातलाच कुणीतरी असणार. आपल्यासारखाच दिसणारा."

तिनं रेंडर लावलं. दोघं मुलं खाली चहा आणायला गेली. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या गतीनं पुढं सरकत होती. मी म्हणाले, "फोटो मी काढला होता. ओळही माझीच आहे."

ती पट्टीकडेच बघत राहिली. मग तिनं विचारलं, "का?"

मी कारण शोधलं. माझी बाजू सावरणारं एखादं बरं कारण सापडतंय का ते पाहिलं. सापडलं नाही.

"सुचलं म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच."

"मी दोन वर्षं कारण शोधतेय," ती म्हणाली. "मला वाटायचं, पहिल्या दिवशी आपण कुणाशी तरी उद्धट वागलो असू. कुणाला धक्का लागला असेल. सगळा दिवस मी मनात कितीदा फिरून आले." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तू आज जा."

जिन्यात मुलं चहाची पिशवी घेऊन येताना भेटली. मी काहीतरी सबब सांगितली. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. घरी आल्यावर बाबांनी माझे डोळे बघितले आणि म्हणाले, "का हो, मंडईत आज कांदे फुकट वाटत होते की काय?" मी म्हणाले, "बाबा, आज नको." आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले. त्यांनी पेपर खाली ठेवला, माझ्यासाठी स्वतः पाणी आणलं आणि नुसते शेजारी बसून राहिले.

आठवडाभर ती कॉलेजात माझ्याशी कामापुरतं बोलली. मी गट सोडते असं सरांना सांगायचं ठरवलं होतं, पण पाय उचलला नाही. मला गट सोडायचा नव्हता. मला तिला सोडायचं नव्हतं. रविवारी बसले बसमध्ये. म्हटलं, दारातून परत पाठवेल, तर पाठवू दे.

तिनं दार उघडलं. मुलं त्या दिवशी संध्याकाळी यायची होती. ती म्हणाली, "ये. पहिल्या ठिपक्याचं गणित चुकलंय. बाकीचे आले की तो लगेच नाहीसा होतोय. तो शेवटपर्यंत राहायला हवा." आणि खुर्चीवरून उठली. "तू कर."

मला अॅनिमेशन यथातथाच यायचं. ती मागे उभी राहून सांगत होती, इथं धर, इथपर्यंत ओढ, आता सोड. दीड मिनिटभर एक करडा ठिपका पडद्यावर टिकवायला मला अख्खी दुपार लागली. तो झाल्यावर तिनं तपासला आणि म्हणाली, "बरा आहे." मग म्हणाली, "तुला एक दाखवायचंय."

तिनं फोन पुढं केला. तिच्या गावच्या घराची भिंत होती, मातीनं सारवलेली, आणि भिंतीवर चौकटीत माझा फोटो. खालची ओळ कापलेली. जिन्याकडे निघालेली पाठ, पोतं, आणि कडेला गोधडीतला मॉनिटर धरलेली ती.

"त्या दिवसाचा आमच्याकडे दुसरा फोटोच नव्हता," ती म्हणाली. "बाबा विचारत होते, पुण्याचा एखादा फोटो पाठव. मी ओळ कापून हा पाठवला. ते तालुक्याला जाऊन मोठा करून आले. गावातल्या सगळ्यांना दाखवतात. आणि दर वेळी मला विचारतात, कुणी काढला? त्या पोराला घरी घेऊन ये, म्हणतात. मी सांगते, माहीत नाही."

तिनं ओळ कापली होती ती वडिलांसाठी, आणि कापलेली ओळ दोन वर्षं स्वतःजवळ ठेवली होती.

रविवारी बाजार उरकला की तिच्या वडिलांचा फोन यायचा. तो तेव्हाच आला. ती आमच्याशी प्रमाण मराठीत बोलायची, वडिलांशी तिच्या बोलीत. "हो बा. जेवली. हो." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "बा, तुमचा फोटो काढनारी सापडली. इथंच बसून हाये माह्या जवळ." आणि फोन माझ्या हातात दिला.

"कोन, माय?" पलीकडून आवाज आला. बाजारातली गडबड मागे ऐकू येत होती. "तू काढला का फोटो? लय चांगलं काम केलं बाई. मायं सारं आयुष्य वावरात गेलं, पन पोरीले कालेजात सोडलं त्या दिवसाची निशानी तुह्यामुळं राह्यली. हुरड्याले ये हिच्यासंगं. नक्की ये."

मी म्हणाले, "काका, तो फोटो मी..." त्यांना सगळं सांगणार होते. तिला सांगितलं तसंच. तिनं माझं मनगट धरलं आणि मान हलवली. नको. डोळ्यांत पाणी होतं, पण मान अगदी ठाम हलली. मी म्हणाले, "येते काका. नक्की येते."

प्रदर्शनात आमचं इन्फोग्राफिक लागलं तेव्हा पहिला ठिपका शेवटपर्यंत पडद्यावर होता, करडाच. कुणीतरी मागून विचारलं, "सुरू कुणी केलं ते दाखवायचं राहिलं का?" ती म्हणाली, "नाही, दाखवलंय."

हुरड्याला मी त्या हिवाळ्यात गेले आणि त्यानंतरही दर वर्षी जाते. तिच्याशी माझी मैत्री माझ्या लायकीपेक्षा बरीच मोठी झाली आहे. दर वर्षी नवे पाहुणे असतात. तिचे वडील त्यांना भिंतीपाशी नेतात, फोटो दाखवतात आणि माझ्याकडे बोट करून म्हणतात, "हिनं काढला." सगळे वळून माझ्याकडे कौतुकानं बघतात. ती दाराशी उभी असते. मी तिच्याकडे बघते आणि म्हणते, "हो, मीच काढला."