वरचं बटण

माझ्या अपघाताची गोष्ट आमच्या घराण्यात सगळ्यांना पाठ आहे. लग्न असो की तेरवी, मी ती सांगतोच — वरठीच्या कारखान्यातली पाळी संपवून येताना डुक्कर आडवं आलं, मोटारसायकल घसरली. दर वर्षी ते डुक्कर थोडं मोठं होतं. पण त्या गोष्टीचा पुढचा भाग मी आजवर कुणालाच सांगितलेला नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो.

उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी झालेली. दवाखान्यात ऑक्युपेशनल थेरपीच्या मॅडम होत्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "काका, तुम्हाला तुमचं तुम्ही काय करता यायला हवं?" म्हटलं, शर्टाची बटणं. दुसरं काय सांगणार? बायको लेकीच्या बाळंतपणात साकोलीला अडकलेली, आणि बनियनवर फिरण्याचं माझं वय — आणि पोट — राहिलं नव्हतं. मग सुरू झालं: भिंतीवर टॉवेल सरकवत हात वर न्यायचा, पिठाचा गोळा दाबायचा, ताटातले वाटाणे चिमटीत उचलायचे.

आणि सकाळी दादा यायला लागला.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. नदीपलीकडे कारध्याला राहतो, कोशाचं रेशीम विणतो. वडिलांचा माग सोडून मी कारखान्यात लागलो, तेव्हापासून त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. माझ्या लेकीच्या लग्नातही अक्षता टाकून गेला — बोलला नाही. हात मोडल्याचं कळलं तसा पूल ओलांडून सायकलनं आला, समोर उभा राहिला आणि खालून वर एकेक बटण लावत गेला. चौथ्या दिवशी गळ्याचं बटण लावता लावता म्हणाला, "पोट कमी कर बे. शर्ट फाटन."

त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी बोटं वळली. सगळी बटणं, गळ्याचं धरून, माझी मी लावली. तेवढ्यात बाहेर सायकलची घंटी वाजली. बटणं लागली — तर उद्या तो कशाला येईल?

मी काय केलं असेल? सगळी भराभर काढून टाकली. बोटांची ती चपळाई मॅडमनी पाहिली असती तर टाळ्या वाजवल्या असत्या.

पण त्यांच्यापुढेही मी बोटं आखडूनच बसायचो, कारण दवाखान्यात दादाच न्यायचा. त्यांनी सरावाची फळी बदलली. मोठी बटणं आणली. वेळ संपली तरी थांबल्या. एक दिवस वहीत मान घालून म्हणाल्या, "काका, माझंच काहीतरी चुकतंय." मी सुस्कारा सोडला. हो — वर सुस्कारा! आणि दादाचा गुडघा? सायकलवरून उतरताना तो कसा लंगडायचा, ते काय मला दिसत नव्हतं?

मग एका रविवारी दादानं मला कारध्याला जेवायला नेलं. तो मागावर बसला, मी शेजारी. ताण्यातला एक धागा तुटला. दादाची नजर आता अधू, टोक काही सापडेना. आणि माझा उजवा हात — मला न विचारता — पुढे गेला, दोन्ही टोकं चिमटीत धरली, गाठ मारली. वडिलांनी शिकवलेली. बारीक, बोट फिरवलं तरी कळू नये अशी.

दादानं गाठीकडे पाहिलं. मग माझ्या बोटांकडे. मी हात मांडीखाली लपवला.

त्यानं माग पुन्हा सुरू केला. मग तो म्हणाला, "उद्या येतो मी. बटनं लावाले."

आला. बायको परतेपर्यंत रोज आला. आता चहाला येतो. मी शर्ट घालून, बटणं लावून बसलेला असतो. वरचं तेवढं राहतं.

मॅडमची मात्र बदली झाली. जाताना माझ्या कागदावर त्यांनी 'अपेक्षित सुधारणा नाही' असं लिहिलं, आणि माझी माफी मागितली. मी ती ठेवून घेतली.

हात बरा झाला होता, मॅडम. तुम्हीच केला होता.