देवळीहून पश्चिमेला

पश्चिम आशियात कुठे खट्ट झालं, की देवळीत आमच्या साडभाऊंचा चहा निवतो. भांडण दोन राजांचं असो, दोन टोळ्यांचं असो की तेलाच्या दोन पिंपांचं. साडभाऊ हातात कप घेऊन ओसरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून ओसरीत फिरत राहतात आणि शेवटी तो कप टीव्हीवर, शिलाई मशिनवर किंवा तुळशीच्या कट्ट्यावर विसरतात. अख्ख्या वर्धा जिल्ह्यात त्या प्रदेशाची एवढी काळजी वाहणारा दुसरा माणूस नाही. खुद्द त्या प्रदेशात तरी असेल की नाही, याची मला शंका आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, देवळीतल्या एका शाळेत बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क. पन्नाशी उलटली की माणसं गुडघ्यांना तेल लावायला घेतात. यांनी पश्चिम आशियाच्या राजकारणात एमए करायला घेतलं.

हे वेड काही आकाशातून पडलं नव्हतं. त्यांची एकुलती लेक तिकडच्या एका दवाखान्यात नर्स आहे. ती गेली त्याच वर्षी तिकडे कसलासा भडका उडाला. टीव्हीवर धूर दिसला, आणि साडभाऊंनी तो आपल्याच घरातून निघत असल्यासारखा फोन लावला, "बॅग भर अन् ये वापस!" ती ड्यूटीवरून दमून आली होती. म्हणाली, "बाबा, मी इथं राहून राह्यली अन् तुमी देवळीतून सांगून राह्यले. तुमाले इथलं काय समजते?" मग तिनेच हसत तोडगा काढला, "असं करा, तुमी इथलं सारं शिकून घ्या. मंग ज्या दिवशी ये म्हनसान, त्या दिवशी येईन." पोरगी थट्टेत बोलली. पण साडभाऊंना थट्टा समजायला साधारण दोन वर्षं लागतात. तोवर त्यांनी घरबसल्या शिकवणाऱ्या एका विद्यापीठात नाव घातलं होतं. एमए झालं की लेकीला परत बोलावण्याचा हक्क आपला, असा सरळ हिशेब होता.

घरात याची वार्ता फुटली तेव्हा सर्वांत आधी हरकत घेतली ती आमच्या सासूबाईंनी. त्यांना कानाने थोडं कमी ऐकू येतं. जावई आखाताचा अभ्यास करणार एवढं ऐकून त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आखाडात कोन अभ्यास सुरू करते बापा? आखाडात तर आपन सुनेलेई सासरी ठेवत नाई. श्रावन लागू द्या, मंग करा काय करायचं थे!" साडभाऊंनी त्यांना आखात म्हणजे काय ते नकाशा काढून समजावलं. सासूबाईंनी नकाशा नीट पाहिला, पाणी कुठे आणि जमीन कुठे ते विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "ते सारं ठीक आहे. पन आखाड झाल्यावर." आणि जावयाने सासूचा शब्द मोडला नाही. पहिलं पुस्तक श्रावणातल्या पहिल्या सोमवारी उघडलं.

त्यानंतर मी साडभाऊंना घरी कधी बसलेलं पाहिलं नाही. ते चालत वाचतात, चालत जेवतात. एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा घेऊन अंगणात येरझारा घालणाऱ्या या माणसाच्या मागे भाजीची वाटी घेऊन फिरणारी त्यांची बायको, आमची ताईही मी पाहिली आहे. "एका जागी बसून ज्यानं राजकारन वाचलं, त्याले ते समजलंच नाई," असं त्यांचं म्हणणं. सकाळी मी वर्ध्याजवळ नालवाडीतल्या माझ्या घरी दात घासत असतो तेव्हा त्यांचा फोन येतो. नमस्कार नाही, काही नाही.

"सामुद्रधुनी पाह्यली का?"

"भाऊ, मी आत्ता तोंड धुऊन राह्यलो."

"तुमी तोंड धुवा. तिकडं जहाजं थांबून राह्यली!" आणि फोन बंद. मग दिवसभर माझंही चित्त थाऱ्यावर राहत नाही. ती जहाजं सुटली की नाही, हे कळवायला मात्र ते कधीच फोन करत नाहीत.

एकदा त्यांना कुणीतरी सांगितलं, की कारंजा घाडगेच्या हायवेवर एक धाबेवाला आहे, तो म्हणे तिकडे बरीच वर्षं राहून आलाय. साडभाऊ रजा टाकून, एसट्या बदलत कारंज्याला पोचले. सोबत मला ओढलं. ट्रकांच्या गर्दीतून वाट काढत त्यांनी धाबेवाल्याला गाठलं आणि तिथली राजघराणी, टोळ्या आणि तेलाचं अर्थकारण यांचा परस्परसंबंध काय, असं उभ्याउभ्याच विचारलं. तो कढईत झारा फिरवत म्हणाला, "साहेब, मी किचनमधीच होतो. गरम लय होते. इथंई आहे." साडभाऊंनी परतीच्या प्रवासात मला बजावलं, की यालाच जनसामान्यांचा दृष्टिकोन म्हणतात. शेवभाजी मात्र उत्तम होती, आणि तिचे पैसे मी दिले.

अभ्यासातले शब्द त्यांच्या संसारात असे घुसले, की घर कुठे संपतं आणि आशिया कुठे सुरू होतो ते कळेना. लग्नाच्या पंगतीत एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन व्याही शेजारी बसलेले दिसले, तर साडभाऊ "इथं बफर पायजे" म्हणून दोघांच्या मध्ये घुसत. त्यांचं सर्वांत लाडकं वाक्य म्हणजे "परिस्थिती तणावपूर्ण, पण नियंत्रणात." परीक्षेतलं प्रत्येक उत्तर त्यांनी याच वाक्याने संपवलं. सोयाबीनवर अळी पडली, तणावपूर्ण पण नियंत्रणात. सासूबाईंचा गुडघा, तणावपूर्ण पण नियंत्रणात. लेक रोज फोनवर "कसे आहा बाबा?" म्हणून विचारायची, तिलाही हेच. आणि ती तिकडून हसायची.

एका शब्दावर मात्र त्यांचा भयंकर राग. मध्यपूर्व! "कोनाच्या पूर्वेले?" असं ते विचारत. "ज्यानं हे नाव ठेवलं तो इकडं तोंड करून बसला होता तिकडं विलायतेत. देवळीहून ते पश्चिमेलेच आहे." हे ओसरीत ठीक होतं. पण नागपूरला तोंडी परीक्षा झाली, तिथे बाहेरून आलेले परीक्षक हसतमुखाने म्हणाले, "या वयात मध्यपूर्वेच्या राजकारणाकडे कसे काय वळलात?" साडभाऊ खुर्चीतून उठले. "सर, देवळीहून मी पूर्वेकडं वळलो असतो तं हिंगनघाटले पोचलो असतो." दाराबाहेर उभा राहून मी हे ऐकत होतो. लेकीला परत बोलावण्याचा हक्क तिथे टांगलेला होता, आणि हा गृहस्थ दिशांवरून भांडत होता! परीक्षक खदखदून हसले. साडभाऊ पास झाले. देवळीत पेढे वाटले. सासूबाईंनी आखाड टळल्याचं श्रेय स्वतःकडे घेतलं.

आणि मग दिवाळीच्या आधी लेकीचा तो फोन आला. रविवारची सकाळ होती, मी आणि माझी बायको देवळीलाच होतो. तिचा करार संपत आला होता. पुढे सही करायची की परत यायचं, आठवड्याभरात सांगायचं होतं. फोन स्पीकरवर होता. ती म्हणाली, "बाबा, तुमी आता एमए झाले. आपलं ठरलं होतं. सांगा, येऊ का?"

एवढ्या वर्षांची येरझार या एका प्रश्नासाठी होती. "ये" एवढंच म्हणायचं होतं. ताई पदराचं टोक धरून त्यांच्याकडे पाहत होती. साडभाऊ अंगणात एक चक्कर मारून आले. मग लेकीला त्यांनी तिकडची परिस्थिती सांगायला सुरुवात केली. तहाची बोलणी कुठवर आली, कोण कुणाला भेटून राह्यलं, तिच्या शहराला धोका का नाही, सगळं. एका शब्दाची लबाडी केली नाही. मला वाटत होतं, करा हो थोडी, कोण विचारतंय! पण जे शिकलो त्याच्याशी बेइमानी करणं त्या माणसाला जमलं नाही. "म्हनून," ते म्हणाले, "सध्या वापस याचं कारन दिसत नाई. सही करून टाक."

मग ती म्हणाली, "तिथलं समजलं. अन् घरची परिस्थिती कशी आहे, बाबा?"

"तणावपूर्ण," साडभाऊ म्हणाले.

आम्ही सगळे पुढच्या अर्ध्या वाक्याची वाट पाहत राहिलो. तीही पाहत असावी, कारण "बाबा?" असं तिने दोनदा म्हटलं. साडभाऊंनी फोन ताईच्या हातात दिला, ओसरीतली खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले. चांगले पाठ टेकून बसले. मी उगाच म्हणालो, "भाऊ, तिकडं तं सारं शांतच आहे ना?" त्यांनी मान हलवली. खरंच, त्या सकाळी पश्चिम आशियात कुठेही खट्ट झालेलं नव्हतं. तरी तुळशीच्या कट्ट्यावरचा त्यांचा चहा निवून गेला होता. फोन ठेवल्यावर ताईने कप उचलला आणि पुन्हा गरम करायला आत नेला.