बिनचष्म्याची सुई

रोज सकाळी दुकान उघडलं की माझी आत्या आधी चष्मा काढायची. तो दोरीने गळ्यात लटकत राहायचा. मग खिडकीपाशी उभी राहून ती बारीक नाकाची सुई आणि पांढरा दोरा घ्यायची, श्वास रोखायची आणि सुई ओवायची. पहिल्या फटक्यात जमलं की दिवस चांगला. मग चष्मा नाकावर, इस्त्री तापायला, आणि ही गिऱ्हाइकांशी भांडायला मोकळी.

तिसऱ्या मजल्यावर तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पँट आखूड करणं, कॉलर उलटवणं, कोटाचं अस्तर बदलणं, असली कामं. सगळी गल्ली तिला ‘मास्तर’ म्हणायची. पुढे ‘बाई’ जोडायची कुणाची छाती नव्हती. कुणी म्हणालं, घाईचं आहे हो, की ती म्हणायची, “मग असंच घाला, कोण बघतंय तुमच्याकडे!” माणूस मुकाट्याने कोट ठेवून जायचा.

दुपारी जेवण झालं की खिडकीतून ऊन आत यायचं, त्यात कापडाचा भुगा तरंगत राहायचा, आणि कापायच्या टेबलावर दुसऱ्याच्या ओव्हरकोटाची उशी करून आत्या झोपायची. त्या झोपेत तिच्याकडे माणसं यायची. आजी, मोठी आत्या आणि माझे बाबा. तिघंही गेलेली. जिना भराभरा चढून, एकमेकांना ढकलत, मापं द्यायला यायची. आत्या त्यांची मापं घ्यायची. शेवटी बाबा तिच्याच गळ्यातली टेप काढून तिचं माप घ्यायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. जागी झाल्यावर ती मला हे सगळं अशा थाटात सांगायची, जणू खरंच कुणी येऊन चहा पिऊन गेलंय. “दादाची छाती चाळीस भरली आज,” म्हणायची. ऐकताना मलाही जिन्यावर पावलं वाजल्यासारखी वाटायची.

सुईची परीक्षा तिने स्वतःला घातली ती सत्ताविसाव्या वर्षी. त्या वर्षी आजी मोटर न्यूरॉनच्या आजाराने गेली. मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा या आजारात एकेक करून मरतात. माणसाला सगळं समजत असतं, पण आधी चमचा उचलत नाही, मग घास गिळवत नाही, मग श्वास पुरत नाही. आजीच्या वेळी सगळे म्हणाले, जिन्यावरून घसरली ना, त्याचंच झालं. मोठ्या आत्याच्या वेळी ओल्या फरशीवर उभं राहून केलेल्या कामाला दोष दिला. बाबांच्या वेळी कारण शोधायचं त्राण कुणातच उरलं नव्हतं.

बाबांना बटणं लावता येईनात, तेव्हा आत्याने त्यांचे सगळे शर्ट उसवले. बटणं वरून नुसती शोभेला, आत वेल्क्रोची चिकटपट्टी. दाबलं की शर्ट बंद. बाबा आरशात बघून म्हणाले, “फसवेगिरीत तुझा हात कुणी धरणार नाही.” त्याच शर्टात ते इस्पितळात गेले आणि संशोधनासाठी रक्त देऊन आले. मला तेव्हा राग आला होता. जो माणूस पेला धरू शकत नाही, त्याच्याकडून आणखी काय काय घेणार, असं वाटलं होतं.

नऊ वर्षांनी त्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. बाबांच्या रक्तात एका जनुकात बदल सापडला होता. जिन्याचा आणि फरशीचा काही दोष नव्हता. आजार आजीकडूनच खाली उतरला होता. घरात ज्यांना हवं त्यांना आता चाचणी करता येणार होती. इस्पितळातल्या समुपदेशक बाईंनी आम्हाला कागदावर चौकोन-गोल काढून समजावलं. ज्याच्यात हा बदल आहे, त्याच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मिळाला म्हणजे आजार होईलच असंही नाही, पण भीती खरी. म्हणजे आत्या निम्मी, मी निम्मी. आत्याच्या लेकीचं, म्हणजे माझ्या आतेबहिणीचं, सगळं आत्यावर अवलंबून.

आतेबहीण एकतीस वर्षांची, तिला मूल हवं होतं, आणि त्याआधी स्वतःचं काय ते कळायला हवं होतं. आत्याला मात्र काही कळून घ्यायचं नव्हतं. ‘न कळून घेणं हाही तुमचा हक्क आहे,’ असं समुपदेशक बाई म्हणाल्यापासून तर ती तो हक्क मिरवतच होती.

“तू खुशाल कर चाचणी. मला सांगू नकोस म्हणजे झालं,” ती लेकीला म्हणाली.

“अगं आई, माझ्यात निघालं तर ते तुझ्याकडूनच आलेलं असणार. मी न सांगता तुला कळेल. माझं तोंडच सांगेल!”

“मग तोंड झाकून ये.”

आतेबहीण दार आपटून गेली. तीन महिने मायलेकी माझ्यामार्फत बोलत होत्या. तिला म्हणावं डबा परत पाठव, आणि आईला म्हणावं मी पाठवत नाही. मला दोघींचाही वैताग आला होता.

एके सकाळी ग्रंथालयात कामाला जाताना मी वाटेत दुकानात डोकावले. आत्या खिडकीपाशी पाठमोरी होती. सुई चुकली. दोरा ओला करून पुन्हा. पुन्हा चुकली. पाचव्यांदा चुकली तेव्हा तिने मान वळवली आणि मला पाहिलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“बघितलंस ना,” ती म्हणाली. “सहा महिने झाले. आला माझा नंबर. म्हणून तर चाचणी नको म्हणते. मला माहीतच आहे, पण पोरीला कशाला कळायला हवं? तिचं मूल होऊ दे आधी.”

मी तिचे हात हातात घेतले. गरम होते, आणि लोखंडासारखे घट्ट. याच हातांनी तिने आदल्या दिवशी जाड कोटाला अस्तर घातलं होतं.

“आत्या, चष्मा लावून ओव की.”

“वा! चष्मा लावून ओवायची म्हणजे कॉपी करून पास व्हायचं. सत्ताविसाव्या वर्षी मी चष्म्याशिवाय ओवत होते.”

“आता तू अठ्ठावन्न वर्षांची आहेस!”

तिने गळ्यातला चष्मा हातात धरून उलटसुलट पाहिला. दिवसभर चष्म्यातून जग बघणाऱ्या या हुशार बाईच्या डोक्यात एवढी साधी गोष्ट आली नव्हती. तिने नियम केला होता आणि नियम म्हणजे नियम. मी हसले असते, पण सहा महिने रोज सकाळी ही बाई इथे एकटीने मरत होती, या विचाराने मला रडू आलं.

डॉक्टरांनी तिचे हातपाय वाकवून, ठोकून, ताकद लावायला लावून तपासलं आणि हात अगदी ठणठणीत आहेत असं सांगितलं. “आत्तापुरतं,” आत्या म्हणाली. तिला सहजासहजी खूश करणं कुणाला जमलेलं नाही. पण खोलीबाहेर बाकावर मी बोलावून घेतलेली लेक बसली होती. आत्या तिच्याजवळ गेली, तिच्या कोटाचं लोंबणारं बटण चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाली, “चल, देते रक्त. आणि हा कोट आण दुकानात.” त्या दोघींचा समेट एवढाच झाला.

रक्त घेणाऱ्या मुलीला पहिल्या वेळी शीर सापडली नाही. आत्या तिला म्हणाली, “चष्मा लाव गं, लाजू नकोस.”

निकालाला सहा आठवडे लागले. त्या दिवशी समुपदेशक बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि आढेवेढे न घेता सांगितलं, “तुमच्यात तो बदल नाही. म्हणजे तो तुमच्याकडून मुलीला जाण्याचा प्रश्नच नाही.” आतेबहीण ओंजळीत तोंड धरून रडली. मीही रडले. आणि खोटं कशाला सांगू, थोडी जळलेही. आत्या मात्र पिशवी उचलून सरळ बसस्टॉपकडे चालू लागली.

पुढचे चार दिवस तिने दुकान उघडलं, पण सुईला हात लावला नाही. पाचव्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा ती नुकतीच टेबलावरून उठत होती. गालावर ओव्हरकोटाच्या शिवणीचा वळ उमटला होता.

“आली होती सगळी,” ती म्हणाली. “मापं झाली. मग मी दादाला म्हटलं, माझं घे. त्याने टेप गुंडाळली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, तुझं नको. मला असा राग आला त्याचा! तिघंही जिना उतरून गेली. घरची सगळी माणसं एका बाजूला, आणि मी एकटीच इकडे. मी काय परकी आहे?”

ती परकी नव्हती, फक्त वाचली होती, आणि त्याचं तिला दुःख होत होतं. ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं. भुगा तरंगत होता.

“तुझी कोणती?” तिने एकदम विचारलं.

“काय कोणती?”

“परीक्षा. दादाची पोर आहेस. असणारच.”

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. “सकाळी दात घासताना डाव्या पायावर उभी राहते. साठ आकडे.”

“भिंतीला हात लावून?”

“छे. ती कॉपी.”

आत्या इतकी हसली की तिला चष्मा पुसावा लागला. मग तिने चपला काढल्या आणि भर दुकानात एका पायावर उभी राहिली. सात आकडे झाले नाहीत तोच ती डुलली आणि कोटांच्या ढिगाऱ्यात धपकन कोसळली. आमच्या घरात कुणी पडलं की सगळे दगड होतात. पण ती त्या कोटांमध्ये तशीच पडून हसत होती.

“बघ,” ती म्हणाली, “मला आता नुसतं पडता येतं.”

ती उठली, चष्मा लावला, पहिल्या फटक्यात सुई ओवली आणि सुयांच्या उशीला टोचून ठेवली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “चल. मी मोजते.”

चाचणी करायची की नाही, हे मी अजून ठरवलेलं नव्हतं. मी चपला काढून डाव्या पायावर उभी राहिले. ती सावकाश मोजत होती, बाही मोजावी तशी. चाळीस झाल्यावर तिने हात पुढे केला.

“कॉपी होईल,” मी म्हटलं.

“होऊ दे.”

मी तिचा हात धरला. तिने साठपर्यंत मोजलं, आणि मग पुढेही मोजत राहिली.