इंग्रजीच्या तासाआधीची फुगडी

लेकरांनो, परवा तुमची आई फोनवर सांगत होती, की धाकट्याचं शाळेत लक्ष लागत नाही, एका जागी बसत नाही, म्हणून त्याच्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. तुम्हाला मराठी वाचता येतंय आणि मला सगळं नीट आठवतंय, तोवर लिहून टाकते.

पालमजवळच्या एका गावात मी इंग्रजी शिकवत होते. माझा तास दुपारी तीनचा. वर पत्रे, वीज गेलेली, पोटात शाळेची खिचडी. मुलं पुस्तकाकडे बघत, पण वाचत कोणीच नसे. एके दिवशी मी सगळ्यांना बाहेर कडुलिंबाखाली नेलं आणि म्हटलं, "घाला फुगडी." मुलींना काय, पंचमीची सवय होतीच. मुलगे आधी लाजले, मग आवरेनात. दहा मिनिटांनी सगळे धापा टाकत आत आले, पाणी प्याले, आणि त्या दिवशी धडा शेवटपर्यंत वाचून झाला. मग मी ते रोजचंच केलं.

गावात बोभाटा झाला. शाळा समितीचे अध्यक्ष मोठे शेतकरी, त्यांची नात माझ्याच वर्गात. ते नाही म्हणाले तर फुगडी बंद करावी लागेल, असं मुख्याध्यापकांनी मला आधीच बजावलं होतं. अध्यक्ष आले ते तणतणतच.

"बाई, आमी लेकरं शिकायला धाडतो. हितं काय रोज पंचमी हाय का?"

"नाही ना. म्हणून आज फुगडी नाही. तुम्ही तासभर मुलांबरोबर बसा. मग म्हणाल तसं करू."

"बसतो की! मला काय भ्या हाय?"

ते मागच्या बसकरपट्टीवर मांडी घालून बसले. मी धडा सुरू केला. थोड्या वेळात त्यांची मान खाली गेली, वर आली, पुन्हा गेली. मग टोपी मांडीवर पडली.

"मॅडम," त्यांची नात ओरडली, "आबा पेंगायलेत!"

ते दचकून उठले. "कोण पेंगायलंय? मी ऐकायलोय."

"मग सांगा, धडा कशाचा हाय?"

वर्ग खो-खो हसत सुटला. अध्यक्षांनी टोपी झटकली, माझ्याकडे पाहिलं आणि तेही हसले. "बाई, या पत्र्याखाली वाघबी निजंल. घ्या तुमची फुगडी."

बाहेर नातीने त्यांचे हात धरले. धोतर सावरत त्यांनी दोन गिरक्या घेतल्या आणि "बास, बास" करत लिंबाला टेकले. मग परत आत येऊन बसले. नातीने उभं राहून अख्खं पान वाचलं, कुठे अडली नाही. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण ती अडत नाही हे कळत होतं. पान संपेपर्यंत त्यांची नजर तिच्यावरून हलली नाही. माझे आजवर बरेच सत्कार झाले, पण त्या दुपारी माझी जी मान ताठ झाली, तशी पुन्हा झाली नाही.

धाकट्या, तू एका जागी बसत नाहीस, त्यात तुझं काही बिघडलेलं नाही. हे तुझ्या बाईंनाही वाचून दाखव.

मी निवृत्त झाले. पत्रे जाऊन स्लॅब आला, पंखे आले. इंग्रजीच्या तासाआधी लिंबाखाली दहा मिनिटं फुगडी अजून होते.