कपाटातल्या चिठ्ठ्या

माणसाचा छंद सुटला की मागे एक वस्तू उरते आणि एक कारण. भोपाळच्या आमच्या नेहरू नगरात या दोन्हींसाठी एक लोखंडी कपाटच आहे!

दर रविवारी आम्ही पाच-सात मराठी घरं कॉलनीच्या छोट्या हॉलमध्ये जमतो. कपाटाची किल्ली सबनीस काकांकडे. काका सरकारी नोकरीतून रिटायर झाले, पण शिस्त काही रिटायर झाली नाही. त्यांचा नियम असा की ज्याचा छंद सुटला त्यानं सामान कपाटात ठेवायचं, हवं त्यानं न्यायचं. आणि सामानावर एक चिठ्ठी लावायची, सोडल्याचं कारण लिहून. खरं कारण!

मला बाई त्या चिठ्ठ्या वाचायचा भारी नाद. लोक कशानं थकतात, हे कळायला नको?

*

आमच्यातले टेंभे कारखान्यात टेक्निशियन. त्यांनी महागातले बूट आणले, मोठ्या तलावाच्या काठानं रोज पळायचं म्हणून. पहिल्या दिवशी पळत पळत पोहे-जलेबीच्या ठेल्यापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशीही तिथपर्यंतच. महिन्याभरात वजन दोन किलोनं वाढलं!

ठेलेवाला म्हणे विचारायचा, "क्यों भाईसाब, आज लेट हो गए?"

बुटांवरच्या चिठ्ठीत एकच शब्द आहे. "पोहे."

*

अपर्णा म्हणजे टेंभेंची मुलगी, बँकेत नोकरीला. तिनं आतेबहिणीच्या होणाऱ्या बाळासाठी स्वेटर विणायला घेतला. मी विचारलं की म्हणायची, "मावशी, मूडच नाही बन रहा ना!"

मूड बनेपर्यंत बाळ झालं, रांगलं, चालायला लागलं. शेवटी अपर्णानं लोकर आणि सुया कपाटात आणून ठेवल्या. चिठ्ठीत लिहिलं होतं, "बाळ थांबलं नाही."

आणि जाताना वडिलांचे ते बूट उचलून घेऊन गेली. दोन नंबर मोठे!

*

आता माझं ऐका. मी गच्चीवर टमाटर लावले होते. सहा कुंड्या, खत, झारी, सगळा थाट. पुढे झारी कपाटात ठेवली आणि चिठ्ठी लिहिली, "वानरं."

काकांनी चष्मा वर केला. "नंदा, वानरं जुलैत आली. तू पाणी घालणं मे महिन्यातच बंद केलं होतंस."

त्यांची खिडकी माझ्या गच्चीसमोरच, हे मी विसरलेच होते! मुकाट्यानं चिठ्ठी फाडली आणि दुसरी लिहिली, "कंटाळा." इतकी लाज वाटली म्हणून सांगू!

*

काका स्वतः मात्र अकरा वर्षं व्हायोलिन वाजवत होते. रोज सकाळी सहाला, एकच भजन. आणि रोज अंतऱ्यात एकाच जागी घसरायचे. आम्हा सगळ्यांना ती जागा पाठ! पण एक दिवस खाडा नाही.

एकदा मी न राहवून विचारलं, "काका, तुम्हाला कंटाळा कसा येत नाही हो?"

"हिला विचार," म्हणाले.

मी मालती काकूंना विचारलं. त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "ते घसरले की मी इथूनच ओरडते, 'सोडा हो, तुमच्यानं नाही व्हायचं!' की लागले पुन्हा पहिल्यापासून. एकदा चुकून म्हटलं, छान वाजवता, तर आठ दिवस व्हायोलिनला हात लावला नाही!"

आम्ही दोघी हसून हसून बेजार.

*

काकू मागच्या थंडीत गेल्या. त्यानंतर सकाळचे सहा नुसतेच वाजायचे. मला जाग यायची, मी वाट बघायची, पण समोरून काही नाही.

मग एका रविवारी काका व्हायोलिनची पेटी घेऊनच हॉलमध्ये आले. कपाट उघडलं. पेटी आत ठेवली. चिठ्ठी घेतली, पेन उघडलं आणि तसेच उभे राहिले. मला तर रडूच यायला लागलं. ही पेटी एकदा कपाटात गेली की काकाही घरात बंद होणार, हे दिसतच होतं.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ठेवा हो ठेवा. नाहीतरी तुमच्यानं नाही व्हायचं!"

टेंभेंनी कपाळावर हात मारला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, कोरी चिठ्ठी खिशात घातली, पेटी उचलली आणि निघून गेले.

दिवसभर मला घास गेला नाही. म्हातारं माणूस, वर दुःखात, आणि मी काय बोलून बसले! सकाळी जाऊन पाय धरायचे, असं ठरवलं.

सकाळी सहाला मी चहा घेऊन गच्चीवर उभी होते. समोरून व्हायोलिन सुरू झालं. तेच भजन. अंतरा आला, ती जागा आली, आणि काका घसरले. बरोब्बर तिथेच!

मग सगळं शांत. एक मिनिट गेलं, दोन गेली.

समोरची खिडकी उघडली. काका व्हायोलिन हातात घेऊन उभे होते.

"काय गं नंदा, आज काही बोलणार नाहीस का?"